पटरची मूठ
वर्ध्याजवळच्या सेवाग्रामी चरख्यावर बसलेल्या माणसाचा डावा हात पाहावा. पेळू आवळला की सूत तुटते, सैल सोडला की जाडेभरडे निघते, आणि चेंडू हलकेच भोकात लोटणाऱ्या गोल्फच्या पटरची मूठ धरण्याचे इंगितही याहून फारसे निराळे नाही. इतर क्लबांप्रमाणे तो बोटांत न पेलता डाव्या तळहाताच्या आयुष्यरेषेलगत ठेवावा, मुठीच्या सपाट अंगावर दोन्ही अंगठे सरळ टेकवावेत व डावी तर्जनी उजव्या बोटांवरून खाली सोडावी, म्हणजे मनगटे स्थिर राहून आंदोलन खांद्यांतूनच उत्पन्न होते. (डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.) मुठीचे टोक पोटाला वा छातीला रोवून फटका मारण्याची सवलत मात्र १ जानेवारी २०१६ पासून मन्सूख झाली आहे.