काळं प्लास्टिक पांढुरकं का पडतं?

दुचाकीची निगा : लेखांक ७

गेल्या आठवड्यात टाकीच्या रंगाबद्दल बोललो. आज पाळी आहे ज्यांना रंग दिलेलाच नसतो त्या भागांची : मागचा मडगार्ड, चेन कव्हर, आरशांची बूड, मीटरभोवतीचं कव्हर, नंबर प्लेटचा आधार. शोरूममधून गाडी बाहेर पडते तेव्हा हे सगळं काळंभोर असतं. दोन-तीन उन्हाळे गेले की तेच करडं, कळाहीन दिसू लागतं आणि चांगली चालणारी गाडीही उगाच म्हातारी वाटते.

भोपाळच्या बिट्टन मार्केटमध्ये हाटाच्या दिवशी संध्याकाळी दशहरा मैदानाच्या कडेनं दुचाक्यांच्या रांगा लागतात. भाजीची पिशवी हँडलला अडकवण्याआधी त्या रांगेकडे जरा नीट बघा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीचा मडगार्ड अजून काळा, दुसरीचा पांढरट. फरक बहुतेक वेळा वयाचा नसतो. एक घराच्या पोर्चमध्ये राहते, दुसरी दिवसभर ऑफिसच्या उघड्या आवारात तापते. रोज एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाडीची तर एकच बाजू जास्त उतरलेली दिसते. त्यात भोपाळचं ऊन. कर्कवृत्त इथून थोडं उत्तरेला, विदिशा रस्त्यावर दीवानगंजजवळून जातं. म्हणजे जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, आणि त्याआधीचा मे महिना पारा चाळिशीपार नेऊन ठेवतो.

उपायाकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ : काळा रंग उडालेला नसतो. या प्लास्टिकला काळेपणा येतो तो कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे एका प्रकारच्या अतिबारीक काजळीमुळे. कापडाचा रंग उन्हानं विटतो तशी काजळी विटत नाही. उलट ती अतिनील किरण शोषून प्लास्टिकला वाचवते. शेतात उघड्यावर पसरलेल्या काळ्या एचडीपीई पाइपांमध्ये २ ते ३ टक्के कार्बन ब्लॅक घातलेलं असतं, ते याचसाठी. खात्री करायची असेल तर पांढुरका पडलेला साइड पॅनल काढून उलटा करा. मागची बाजू नव्यासारखी काळी असते. तिथेच बहुधा दोन कोनी कंसांमध्ये कोरलेलं एक छोटं अक्षरचिन्ह सापडतं : पीपी किंवा एबीएस. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नात्ता यांनी त्याचं नियमित रचनेचं, टणक रूप तयार केलं आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झिगलर यांच्यासोबत मिळालं. हलकं, चिवट, स्वस्त, पेंट न करता वापरता येणारं, त्यामुळे ते गाड्यांवर सगळीकडे पोचलं. त्याचं एक दुखणं मात्र जन्मजात आहे. त्याच्या लांब साखळीत एक आड एक कार्बन अणूवर असा हायड्रोजन असतो, जो सहज सुटतो. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच घाव घालतात आणि साखळ्या तुटत जातात. उष्णतेनं हे काम आणखी वेग घेतं. दर १० अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे, आणि मे महिन्याच्या दुपारी काळं प्लास्टिक ६० अंशांच्या पुढे सहज जातं.

काजळी आतला भाग वाचवते, पण अगदी वरची त्वचा तिला वाचवता येत नाही, कारण किरण तिथूनच आत शिरतात. त्या त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, भेगांत हवा भरते आणि प्रकाश आत जाऊन शोषला जाण्याऐवजी वरच्या वर विखुरतो. आपल्याला दिसतो तो पांढुरकेपणा म्हणजे हा विखुरलेला प्रकाश.

याची परीक्षा घरच्या घरी होते. मडगार्डवर पाणी शिंपडा : क्षणात काळा होतो, सुकला की पुन्हा करडा. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, पॉलिप्रोपिलीनचा १.४९ च्या आसपास. भेगेत पाणी शिरलं की हवा आणि प्लास्टिक यांच्यातली दरी कमी होते आणि प्रकाश कमी विखुरतो. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या जवळ, म्हणून तेल लावलं की पाण्याहूनही गडद दिसतं, आणि ते लवकर सुकतही नाही. सर्व्हिसिंगनंतर “पॉलिश मार दूँ?” असं विचारून मारला जाणारा चकचकीत द्रव बहुधा सिलिकॉनचा असतो, त्याचं तत्त्व हेच. भेगा भरतात, बुजत नाहीत. तेलावर धूळ बसते, चार धुण्यांत ते निघून जातं आणि आपण पुन्हा तिथेच.

तरीही तेल किंवा सिलिकॉन लावणारच असाल तर कापडावर घेऊन लावा, फवारू नका. ब्रेक डिस्क, टायर, फूटरेस्ट आणि सीट यांना थेंबही लागता कामा नये. चकाकीपायी ब्रेक गमावणं कोणालाच परवडणारं नाही. रॉकेल किंवा डिझेल मारून घेण्याची सवय तर सोडाच. रबर त्यानं फुगतं आणि पॉलिप्रोपिलीनलाही ते मानवत नाही.

कुठल्याही उपायाआधी भाग नीट धुवा. खरखरीत पोतात अडकलेलं वॅक्स सुकून पांढरं दिसतं आणि पुष्कळदा तेच रोग समजलं जातं. कोमट पाणी, शाम्पू आणि जुना टूथब्रश एवढ्यानं ते निघतं.

हीट गनचा उपाय मला सर्वांत समाधान देणारा वाटतो, आणि सर्वांत जास्त धास्तीही त्याचीच वाटते. गरम हवेचा झोत सरकता ठेवला की वरची त्वचा वितळते, भेगा मिटतात आणि करड्यातून काळा रंग डोळ्यांसमोर वर येतो. पण पीपी वितळतं १६० अंशांच्या पुढे, एबीएस मात्र १०० च्या थोडं वरच मऊ पडतं. म्हणून ते कोरलेलं चिन्ह. एबीएसवर हीट गन नको. पीपीवरही भाग गाडीवरून उतरवून, टाकी आणि पेट्रोलपासून दूर नेऊनच. झोत एका जागी थबकला तर पोत चकचकीत होतो आणि तो डाग परत जात नाही. शिवाय किरणांपासून राखणारी द्रव्यं त्या त्वचेत आधीच संपत आलेली असतात, त्यामुळे ती पुन्हा फाटते. वरून अतिनील-रोधक लेप दिला तर काम टिकतं.

काळा स्प्रे पेंट मारण्याचा मोह होतो. पॉलिप्रोपिलीनवर रंग सहजी धरत नाही. प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर न लावता मारलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो.

बोट फिरवल्यावर पूड हाताला लागत असेल, भेगा नखाला जाणवत असतील, तर खटपट थांबवून नवा भाग घ्यावा. रंग न दिलेले भाग टाकी किंवा पेंट केलेल्या पॅनलच्या मानानं स्वस्त असतात. अतिनील-रोधक लेप द्यायचा तो पहिल्याच आठवड्यात, त्वचा धड असताना, आणि गाडी झाडाखाली किंवा कापडी कव्हरखाली उभी करण्याला पर्याय नाही.

पुढच्या आठवड्यात साखळी : तेल कधी, ग्रीस कधी.