बंद पडलेली गाडी काय सांगते?

महामार्गावर वेगात असलेली गाडी एकाएकी बंद पडते. किल्ली फिरवली की स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. मग भोवती सल्ले देणारे जमतात. कुणी म्हणतो बॅटरी बसली, कुणी म्हणतो पेट्रोलमध्ये पाणी आहे, कुणी ढकलून बघायला सांगतो. चालक मात्र किल्ली फिरवतच राहतो.

पोट दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाला डॉक्टर एकच गोळी देत नाहीत. कधीपासून दुखते, कुठे दुखते, हे आधी विचारतात. गाडीचेही तसेच आहे. ती कशी बंद पडली आणि किल्ली फिरवल्यावर कसा आवाज करते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत निम्मे निदान असते. शिवाय काही बिघाडांत पुन्हा किल्ली फिरवणे हेच इंजिनाच्या मुळावर येते.

आधी जीव, मग गाडी

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की ब्रेकची ताकद वाढवणारी निर्वात टाकी पुन्हा भरत नाही. साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळाच ब्रेक हलका लागतो. नंतर पायाखाली पेडल दगडासारखे होते. ब्रेक गेलेला नसतो, फक्त जोर खूप लावावा लागतो. म्हणून ब्रेक सारखा दाबू-सोडू नये. एकदाच, पण ठाम दाबावा. स्टिअरिंगही जड होते. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंगला कुलूप लागते. चारही इंडिकेटर लावून, वेग शिल्लक असेतो गाडी डाव्या कडेला घ्यावी. माणसांनी गाडीत किंवा गाडीमागे थांबू नये, कठड्यापलीकडे जावे. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदत क्रमांक आहे. इतरत्र 112 वर फोन करता येतो.

इंजिनाच्या चार गरजा

पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब या चार गोष्टी लागतात, आणि त्याही नेमक्या क्षणी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. यांपैकी काय हरवले ते शोधणे म्हणजे निदान.

गाडी दिव्याचे बटण बंद केल्यासारखी क्षणात मेली, तर संशय विजेवर जातो: ठिणगी, एखादा सेन्सर, फ्यूज किंवा सैल झालेली वायर. आचके देत, जोर कमी होत बंद पडली, तर इंधन कमी पडले असण्याची शक्यता जास्त. आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, हेडलाइट मंद झाले आणि मग गाडी थांबली, तर अल्टरनेटर वीज तयार करत नव्हता आणि गाडी काही काळ नुसत्या बॅटरीवर चालली. तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत गेला असेल, तर आधी पाणी आणि ऑइल तपासायचे. मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही.

किल्ली फिरवल्यावरचा आवाज

नुसते टिक-टिक झाले किंवा काहीच आवाज आला नाही, तर बॅटरी, तिची टर्मिनल किंवा स्टार्टर पाहावा. चांगली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना सुमारे 14 व्होल्ट. दुसऱ्या बॅटरीच्या वायरने गाडी सुरू झाली आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडली, तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर तपासून घ्यावा.

स्टार्टर नेहमीसारखा फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, असे असेल तर बॅटरी ठीक आहे. आता किल्ली फक्त ‘ऑन’वर आणून कान द्यावा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं-घूं ऐकू येते. तो टाकीतला इंधनपंप. आवाजच नसेल, तर पंप किंवा त्याचा फ्यूज-रिले यांवर संशय. हा पंप टाकीतल्या पेट्रोलमुळेच थंड राहतो. म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणे त्याला मानवत नाही.

सीएनजी गाडीत एक सोपी चाचणी हाताशी असते. गॅसवर बंद पडलेली गाडी पेट्रोलवर घेऊन सुरू झाली, तर ठिणगी, सेन्सर आणि दाब हे तिन्ही निर्दोष सुटले. दोष गॅसच्या बाजूला आहे. एका चाचणीत तीन संशयित बाद होतात.

स्टार्टर नेहमीपेक्षा भरभर, मोकळाच फिरत असेल, तर लगेच थांबावे. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, तुटलेला असू शकतो. तसे असेल तर सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही. अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. पुन्हा स्टार्टर मारणे किंवा गाडी ढकलून चालू करणे म्हणजे नुकसानीत भर. आणि ‘ठक्’ होऊन स्टार्टर जागीच अडला, तर इंजिन जाम झाले असेल किंवा आत पाणी गेले असेल.

गरम झाल्यावरच येणारा आजार

सगळ्यात चकवणारी तक्रार अशी: गाडी तासभर चालली की बंद पडते, अर्धा तास उभी ठेवली की मुकाट सुरू होते. गॅरेजात पोहोचेपर्यंत ती ठणठणीत असते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

जुन्या फियाटवाल्यांना हे ओळखीचे आहे. घाटात इंजिन तापले की पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पंपाला ती ओढता यायची नाही. मग पंपावर ओले फडके ठेवून वाट बघायची. आजच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीत असतो आणि इंधन दाबाखाली पुढे ढकलले जाते, त्यामुळे हा त्रास क्वचित होतो. लक्षण तेच राहिले, आजार बदलला.

आता अशा वेळी पहिला संशयित असतो क्रँक सेन्सर. पिस्टन कुठे आहे हे तो गाडीच्या संगणकाला सांगतो. काही सेन्सरमध्ये बारीक तारेचे वेटोळे असते. त्यात केसाएवढी चीर पडली, तर उष्णतेने ती रुंदावते आणि संदेश तुटतो. पिस्टनचा ठावठिकाणा न कळल्याने संगणक ठिणगी आणि इंधन दोन्ही थांबवतो. गार झाले की चीर मिटते, गाडी सुरू. घरच्या घरी एक खूण पाहता येते: स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा अजिबात हलला नाही, तर अनेक गाड्यांत बोट या सेन्सरकडे जाते. अर्थात, गरम झाल्यावर पंप किंवा इग्निशन कॉइलही असेच दगा देऊ शकतात. म्हणून तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच, गरम असताना, व्हायला हवी.

पाण्यातली गाडी

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर एकच नियम: पुन्हा किल्ली फिरवायची नाही. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण हवेसारखे पाणी आकसत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत भागणारे काम पूर्ण इंजिन उतरवण्यापर्यंत जाते. असे नुकसान नेहमीच्या विम्यात बहुधा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. गाडी ओढून न्यावी आणि आतले पाणी काढल्यावरच स्टार्टर मारावा.

गॅरेजात काय विचारावे?

स्कॅनर लावल्यावर येणारा कोड हा तापमापकावरच्या आकड्यासारखा असतो. ताप आहे हे कळते, तो मलेरियाचा की डेंग्यूचा ते कळत नाही. क्रँक सेन्सरचा कोड सेन्सर खराब असल्यावर येतो, तसाच त्याची वायर उंदराने कुरतडल्यावरही येतो. त्यामुळे ‘हा पार्ट बदलून बघू’ असे कुणी म्हणाले, तर इंधनाचा दाब मोजला का, ठिणगी येते का, वायर तपासली का, हे शांतपणे विचारावे. अंदाजाने बदललेल्या तीन पार्टचे पैसे गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातात, आणि खरा दोष राहिला तर गाडी पुन्हा तशीच, कदाचित रात्रीच्या घाटात, बंद पडते.

म्हणून रस्त्यावरच मोबाइलमध्ये चार ओळी टिपून ठेवाव्यात: किती वेळ चालल्यावर बंद पडली, झटक्यात की आचके देत, कोणते दिवे लागले, आणि स्टार्टर कसा फिरला. जमल्यास त्या आवाजाचा व्हिडिओ घ्यावा. चांगल्या मेकॅनिकला तेवढ्यावरून सुरुवात कुठे करायची ते कळते.