क्रिप्टोच्या प्रचाराचे बक्षीस : नोकरी, व्यवसाय की निव्वळ छंद?

बंगळुरू : दिवसभर कार्यालयात संगणकासमोर काम करायचे आणि रात्री जेवणानंतर पुन्हा तासभर दुसऱ्या पडद्यासमोर बसायचे, हा क्रम माहिती तंत्रज्ञानाच्या या शहराला नवा नाही. त्या तासाभरात कोणी एखाद्या नव्या क्रिप्टो टोकनविषयी समाजमाध्यमावर मजकूर लिहितो, कोणी त्याच्या माहितीपत्रकाचे मराठी किंवा कन्नड भाषांतर करतो, कोणी छोटी चित्रफीत बनवतो, तर कोणी मित्रांना नोंदणीचा दुवा पाठवतो. याच्या मोबदल्यात रुपये मिळत नाहीत. मिळतात ती टोकन. हे काय चालले आहे असे विचारले, तर 'छंद आहे' हे उत्तर ठरलेले असते.

हौसेला मोल नसते, असे मराठीत म्हणतात. येथे मात्र प्रत्येक कृतीचे मोल आधीच ठरलेले असते. त्यामुळे या कमाईला नोकरी म्हणावे, व्यवसाय म्हणावे की छंद, हा केवळ शब्दांचा वाद राहत नाही. आयकर खाते, नोकरी देणारी कंपनी, ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणि पोलीस यांपैकी प्रत्येक जण हा प्रश्न आपापल्या पद्धतीने विचारतो आणि कमावणाऱ्याला काय वाटते, याला त्यांच्या लेखी फारसे महत्त्व नसते.

बक्षिसांचे तीन प्रकार

या बक्षिसांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार एअरड्रॉपचा, म्हणजे जुन्या वापरकर्त्यांना टोकन वाटण्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप या व्यवहारप्रणालीने पूर्वी ती वापरलेल्या प्रत्येक खात्यासाठी ४०० टोकन जाहीर केली. ती मिळवण्यासाठी कोणालाही प्रचार करावा लागला नव्हता. अशी प्राप्ती छंदाच्या, किंबहुना योगायोगाच्या सर्वांत जवळ जाते.

दुसरा प्रकार बाउंटीचा. २०१७ मध्ये नव्या टोकनांच्या विक्रीची लाट आली, तेव्हा ही पद्धत रूढ झाली. आठवड्याला किती मजकूर लिहायचा, त्यात कोणते शब्द हवेत, खात्याला किमान किती अनुयायी असावेत, याचे नियम आयोजक ठरवतात. केलेल्या कामाची नोंद तक्त्यात होते आणि त्या प्रमाणात टोकनांचा वाटा मिळतो. प्रकल्प बारगळला, तर आठवडेच्या आठवडे केलेल्या कामाचे मोल शून्य होते. तिसरा प्रकार शिफारशीचा. आपल्या दुव्यावरून नोंदणी करणाऱ्या प्रत्येक नव्या ग्राहकामागे दलाली मिळते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत काम आहे, कामाचे माप आहे आणि मोबदला आहे. जुन्या परिभाषेत बोलायचे, तर ही नगावर मिळणारी मजुरी आहे. फरक इतकाच की मजुरीचा दर काम संपल्यानंतर बाजार ठरवतो.

आयकर खाते काय पाहते?

वित्त कायदा २०२२ ने आयकर कायद्यात 'आभासी डिजिटल मालमत्ता' ही संज्ञा आणली. अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर लागू झाला आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेवर एक टक्का उद्गम करकपात सुरू झाली. नफा काढताना केवळ खरेदीची किंमत वजा करता येते, अन्य कोणताही खर्च नाही. तोटा झाल्यास तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही आणि पुढील वर्षी ओढताही येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून अंमलात येणाऱ्या नव्या आयकर कायद्यातही ही चौकट कायम ठेवण्यात आली आहे.

ही तरतूद मात्र टोकन विकतानाची आहे. टोकन हाती येते त्या क्षणाचे काय? एअरड्रॉप किंवा बाउंटी यांच्यासाठी कायद्यात स्वतंत्र कलम नाही; तेथे सर्वसाधारण नियम लागू होतात. कोणताही मोबदला न देता मिळालेली आभासी मालमत्ता वर्षभरात ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीची असेल, तर तिचे बाजारमूल्य 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' धरले जाते. तीच मालमत्ता कामाच्या बदल्यात मिळाली असेल, तर ती व्यवसायाच्या उत्पन्नात मोडू शकते. व्यवसायातून मिळालेला लाभ रोख नसला, तरी करपात्र असतो, हे तत्त्व जुनेच आहे.

प्रचार करणाऱ्यांच्या बाबतीत कर प्रशासनाचा कल २०२२ मध्येच स्पष्ट झाला होता. व्यवसायातून मिळणाऱ्या वस्तुरूप लाभांवर दहा टक्के करकपातीचा नियम त्या वर्षी १ जुलैपासून लागू झाला; वर्षाला २० हजार रुपयांपर्यंतच्या लाभांना त्यातून सूट आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२२ मधील परिपत्रकात समाजमाध्यमांवरील प्रभावकांचे उदाहरण दिले होते. जाहिरातीसाठी मिळालेली वस्तू प्रभावकाने परत केली, तर तो लाभ नाही. ती स्वतःकडे ठेवली, तर मात्र लाभ आहे, असे त्यात म्हटले आहे. टोकन तर परत करण्यासाठी मिळतच नाही.

परदेशांतही कसोटी साधारण अशीच आहे. ब्रिटनच्या महसूल विभागाच्या मार्गदर्शिकेनुसार, काहीही न करता वैयक्तिकरीत्या मिळालेल्या एअरड्रॉपवर प्राप्तिकर लागेलच असे नाही. सेवेच्या मोबदल्यात मिळाल्यास मात्र तो उत्पन्न ठरतो. अमेरिकेत छंद आणि व्यवसाय वेगळे ओळखण्यासाठी नऊ निकष आहेत. काम सातत्याने होते का, हिशेब ठेवला जातो का, नफ्याचा हेतू दिसतो का, अशा गोष्टी त्यात पाहिल्या जातात. तरीही छंदातून आलेले उत्पन्न तेथे लपवता येत नाही. ते विवरणपत्रात दाखवावेच लागते.

एक काल्पनिक हिशेब

या नियमांचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, ३० टक्के करगटात मोडणाऱ्या एका अभियंत्याला बाउंटीपोटी मिळालेल्या टोकनांचे त्या दिवशीचे बाजारमूल्य एक लाख रुपये आहे. ही रक्कम उत्पन्न धरली, तर अधिभार न धरता, चार टक्के उपकरासह ३१ हजार २०० रुपये कर होतो. अभियंता टोकन विकत नाही, भाव वाढण्याची वाट पाहतो. सहा महिन्यांनी भाव कोसळतो आणि ती टोकन २० हजार रुपयांना विकली जातात. ८० हजार रुपयांचा तोटा कशातूनही वजा होत नाही. म्हणजे हाती आले २० हजार आणि कर भरला ३१ हजार २००. अनेक रात्री जागून केलेल्या कामाची निष्पत्ती ११ हजार २०० रुपयांची उणे कमाई.

याउलट भाव वाढून टोकन दीड लाखाला विकली गेली, तर वरच्या ५० हजारांवर उपकरासह १५ हजार ६०० रुपये आणखी कर भरावा लागेल. म्हणून टोकन मिळाल्याची तारीख, त्या दिवशीचा भाव आणि विक्रीची तारीख यांची नोंद ठेवणे, ही 'छंद' म्हणवणाऱ्यांचीही पहिली गरज ठरते.

कंपनीच्या दृष्टीने दुसरे काम

नोकरदाराला दुसरा प्रश्न त्याची कंपनी विचारते. २०२२ मध्ये ही चर्चा बंगळुरूतच सर्वाधिक रंगली. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी मूनलाइटिंग, म्हणजे नोकरी सांभाळून गुपचूप दुसरे काम करणे, ही सरळसरळ फसवणूक असल्याचे म्हटले आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. इन्फोसिसने आधी कर्मचाऱ्यांना कडक शब्दांत बजावले आणि पुढच्याच महिन्यात, पूर्वपरवानगी घेऊन व हितसंबंधांना बाधा न आणता, छोटी बाहेरची कामे करण्यास मुभा दिली. स्विगीने तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशा कामांसाठी स्वतंत्र धोरण आखले होते.

तीन कंपन्यांच्या या तीन भूमिकांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कंपनी 'छंद आहे का' असे विचारत नाही. 'मोबदला मिळतो का, आमचा वेळ व साधने वापरली जातात का आणि आम्हाला सांगितले होते का' असे विचारते. याचे उत्तर नियुक्तीच्या करारात असते.

साधनांचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. कॉइनडीसीएक्स या क्रिप्टो एक्सचेंजमधून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरची चोरी झाली. बंगळुरू पोलिसांनी या प्रकरणी कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला अटक केली. त्याने कार्यालयाच्या लॅपटॉपवर बाहेरची अर्धवेळ कामे घेतली आणि चोरांना त्या वाटेने शिरकाव करता आला, असा पोलिसांचा संशय होता. चोरीतील सहभाग त्याने नाकारला. ते काम प्रचाराचे नसले, तरी अनोळखी व्यक्तीने पाठवलेली फाइल कोणत्या यंत्रावर उघडावी, हा धडा सर्वांनाच लागू आहे.

कामगार म्हणून संरक्षण नाही

दायित्वे नोकरीसारखी, तर हक्कही नोकरीसारखे हवेत. वास्तव तसे नाही. कर्नाटकने २०२५ मध्ये गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारामागे कामगाराच्या मोबदल्याच्या एक ते पाच टक्के कल्याण शुल्क मंचांकडून घेण्याची तरतूद त्यात आहे. मात्र हे संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतील प्रवासी वाहतूक, अन्न वितरण, मालवाहतूक यांसारख्या सेवांसाठी आहे. क्रिप्टो बक्षिसांचा त्यात नामोल्लेख नाही. शिवाय असे शुल्क वसूल करायला समोर नोंदणीकृत मंच असावा लागतो. बाउंटीचा आयोजक पुष्कळदा केवळ टोपणनावाने वावरतो आणि कोणत्या देशात आहे, हेही कळत नाही. त्याने मोबदला बुडवला, तर दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर मिळत नाही.

प्रचार म्हणजे जाहिरातच

बक्षीस घेऊन केलेली स्तुती ग्राहक संरक्षणाच्या नियमांनुसार जाहिरात ठरते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रभावकांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. रोख रक्कम, भेटवस्तू किंवा अन्य कोणताही लाभ मिळत असेल, तर तसे ठळक आणि सोप्या शब्दांत सांगणे तिने बंधनकारक केले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करण्यापूर्वी दाव्यांची पुरेशी शहानिशा केली असेल, तर मात्र प्रचारकाचा दंडापासून बचाव होतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या जाहिरातींत जोखमीची सूचना देण्याचा नियम केला आहे.

या जबाबदारीचे टोकाचे रूप महाराष्ट्राने पाहिले आहे. गेनबिटकॉइन योजनेत दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवले जात होते आणि नवे सदस्य आणणाऱ्यांना दलाली मिळत होती. योजना कोसळल्यावर पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक केली. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, नांदेड, कोल्हापूर, बंगळुरूसह देशभरात ६० हून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा केवळ योजना चालवणाऱ्याला नव्हे, तर तिची प्रसिद्धी करणाऱ्यालाही शिक्षेस पात्र ठरवतो. 'मी फक्त दुवा पाठवला' हा बचाव तेथे पुरेसा ठरत नाही.

बनावट कामांचा सापळा

खऱ्या बाउंटीसारखी दिसणारी बनावट कामेही फोफावली आहेत. पसंतीची खूण करा, अभिप्राय लिहा, असे सांगून सुरुवातीला थोडी रक्कम दिली जाते आणि मग 'पुढील टप्प्यासाठी' पैसे भरायला लावले जातात. अशा कामांच्या आणि बेकायदा गुंतवणुकीच्या १०० हून अधिक संकेतस्थळांवर केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बंदी घातली. यातील पैसा क्रिप्टोच्या मार्गानेही देशाबाहेर जात असल्याचे तपासात आढळले होते. ओळखण्याची खूण साधी आहे : काम करणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे असतील, तर ती नोकरी नाही आणि छंदही नाही. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

मग उत्तर काय?

आपण होऊन न मागता मिळालेले टोकन योगायोग म्हणता येईल. एखाद्या तंत्राविषयी आवडीने, कोणाच्याही मोबदल्याशिवाय लिहिणे हा छंद. मात्र काय करायचे हे दुसऱ्याने ठरवले, ते मोजले आणि त्याचे मोल दिले, की ते काम होते. वेतन, रजा, भविष्य निर्वाह निधी यांपैकी काहीच नसल्याने ती नोकरी नव्हे. कर, करार आणि कायदेशीर जबाबदारी मात्र एखाद्या लहान व्यावसायिकाइतकीच आहे. त्यामुळे तिला लिखित करार नसलेला जोडधंदा म्हणणे अधिक योग्य ठरेल. आणि धंदा म्हटला की वही आली, परवानगी आली आणि आपल्या शब्दावर विसंबून पैसे गुंतवणाऱ्या शेजाऱ्याची जबाबदारीही आली.