आधी कबूल केलेलं बक्षीस

"चित्र काढलंस तर बक्षीस देईन." या साध्या वाक्याचा कस मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लावून पाहिला. जागा होती स्टॅनफर्ड विद्यापीठाची बिंग बालवाडी. अभ्यास प्रसिद्ध झाला १९७३ साली.

आधी त्यांनी वर्गात रंगीत स्केचपेनं ठेवली आणि काचेआडून नुसतं पाहिलं. जी मुलं आपणहून चित्रं काढायला बसत, तीच निवडली. प्रयोग सांगताना हा तपशील बरेचदा गाळला जातो, आणि मेख नेमकी तिथेच आहे.

मग एकेका मुलाला वेगळ्या खोलीत नेऊन चित्र काढायला लावलं. काहींना सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र आधीच दाखवलं: चित्र काढलं की हे तुझं. काहींना तेच प्रशस्तिपत्र दिलं, पण चित्र झाल्यावर, अचानक. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी स्केचपेनं पुन्हा वर्गात आली. आता बक्षिसाचा विषयच नव्हता. बाकीच्या दोन्ही गटांतली मुलं खेळाच्या वेळातला १७-१८ टक्के वेळ चित्रांत रमली. आधी कबुली मिळालेली जेमतेम ९ टक्के. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही परीक्षकांना डावी वाटली होती.

अचानक मिळालेल्या प्रशस्तिपत्राने काही बिघडलं नाही, म्हणजे दोष कागदाचा नव्हे, आधी घातलेल्या अटीचा. लेपर आणि सहकाऱ्यांचा तर्क असा, की आपण हे का करतो याचा अंदाज मूलही स्वतःच्या वागण्यावरून बांधतं. समोर बक्षीस दिसत असलं की 'मला आवडतं म्हणून' हे उत्तर मागे पडतं.

बक्षिसाने खरंच एवढं नुकसान होतं का, यावर पुढे अभ्यासकांत चांगलीच जुंपली. पण मुळात कंटाळवाण्या कामात कमी होण्याजोगी आवडच नसते, हे ध्यानात घेतलं की घरचा हिशेब सोपा होतो. रात्री दात घासायला कुरकुरणाऱ्या मुलासाठी कॅलेंडरवर चांदण्या चिकटवायला हरकत नाही. फक्त चांदणी लगेच द्यावी, कशाबद्दल ते सांगावं, आणि सवय लागली की हळूहळू बंद करावी. आपणहून गोष्टीचं पुस्तक उघडून बसणाऱ्या मुलाला मात्र पानामागे चॉकलेट कबूल करू नये. पुस्तक संपल्यावर कधीतरी, न सांगता, खुशाल द्यावं.