देवाची भूक, आणि ती नसलेली माणसं

१९२७ च्या डिसेंबरात फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी सिग्मंड फ्रॉइडना एक पत्र धाडलं. धर्म हा भ्रम आहे हे तुमचं म्हणणं मला पटतं, पण धर्माच्या मुळाशी जी जाणीव असते तिच्याकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. आपण कुठल्या तरी अथांग गोष्टीत मिसळून गेलो आहोत, ही भावना रोलाँना नवी नव्हती. तिला त्यांनी महासागराची उपमा दिली. फ्रॉइडनी त्यावर १९३० साली एका पुस्तकाच्या सुरुवातीलाच उत्तर दिलं. मला स्वतःत अशी भावना कुठेही सापडत नाही, असं ते सरळ सांगतात आणि मग ती तान्ह्या बाळाच्या मनाचा उरलेला अंश असावा, असा अर्थ लावून मोकळे होतात. रोलाँ तोवर रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांच्या चरित्रांत बुडालेले होते.

आध्यात्मिक भूक म्हणजे काय, ती सगळ्यांना लागते का, या वादाची गोम या दोघांच्या देवघेवीत आहे. दोघेही प्रामाणिक, दोघेही थोर, आणि दोघांनाही आपलं मन हाच मानवजातीचा नमुना वाटतो. भूक असलेला म्हणतो, सगळेच उपाशी आहेत, फक्त काहींना अजून कळलेलं नाही. भूक नसलेला म्हणतो, ही कसली भूक, हे दुखणं आहे. आपल्याकडे पहिल्या पक्षाचा आवाज जरा मोठा. नास्तिकाच्या पाठीवर हात ठेवून ‘वेळ आली की तुम्हीही वळाल’ असं म्हणणारे काका प्रत्येक लग्नात एक तरी भेटतात.

वळत नाहीत, अशीही माणसं असतात. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनी जगातल्या धर्मांचा अभ्यास करण्यात बरीच वर्षं घालवली. १९०९ च्या एका पत्रात मात्र त्यांनी कबूल केलं, की धर्माच्या बाबतीत आपल्याला कानच नाही, गाण्यात काहींना नसतो तसा. त्याच पत्रात आपण धर्मविरोधी नसल्याचंही ते सांगतात. डार्विनचं आणखी वेगळं. ब्राझीलच्या जंगलात उभं असताना तरुणपणी त्यांचं मन भरून आलं होतं; म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना ते सांगतात, की आता तसं काही होत नाही, रंग दिसेनासे झालेल्या माणसासारखी आपली गत झाली आहे. भूक असते आणि पुढे सरते, हेही शक्य आहे तर. विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या ग्रंथात दोन स्वभाव सांगितले: एक उपजतच समाधानी, दुसरा आतून फाटलेला, ज्याला जणू पुन्हा जन्म घ्यावा लागतो. गंमत म्हणजे गूढ अनुभवांवर एवढं लिहिणारे जेम्स स्वतः त्या अनुभवांपासून दूरच राहिले.

व्यक्ती सोडून समाज बघायचे तर अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या पिराहा लोकांकडे जायला हवं. डॅनियल एव्हरेट हे अमेरिकन मिशनरी १९७७ मध्ये तिथे येशूचा संदेश घेऊन गेले. पिराहांनी विचारलं, तू त्याला पाहिलंयस का? नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. त्यांना उणं काहीच जाणवत नव्हतं, त्यामुळे भरून काढायचं काय हा प्रश्नच उद्भवला नाही. शेवटी श्रद्धा सुटली ती एव्हरेट यांचीच. तरी एका टोळीवरून मानवजातीबद्दल निकाल द्यायला मी धजणार नाही. पिराहा भुताखेतांशी बोलतातच. डेन्मार्क-स्वीडनमध्ये मुलाखती घेत फिरलेल्या समाजशास्त्रज्ञ फिल झुकरमन यांना मात्र देवाला विरोध करणारे फारसे भेटलेच नाहीत. भेटले ते या विषयावर बोलायला काही नसलेले, सुखवस्तू, सभ्य लोक.

मराठीत या प्रश्नाचा पुरावा शोधायचा तर १८९५ हे साल उघडावं. त्या वर्षी १० फेब्रुवारीला मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि जूनमध्ये पुण्यात समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर वारले.

टिळकांची भूक डोळ्यांत भरणारी होती. एका जागी पाय ठरत नसे, घरातून न सांगता निघून जात, मनातल्या मनात नवा धर्म रचून पाहत. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने हातात ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. झालंही तसंच. पण बाप्तिस्म्याने भूक भागली म्हणावं, तर १९१७ साली हेच टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. पलीकडे पोचूनही चालणं थांबलं नाही.

या भुकेची किंमत कोणी मोजली, हे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या तिथे धर्म म्हणजे सोवळं होतं. १८५७ च्या धामधुमीत नात्यातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या धक्क्यापासून त्यांच्या वडिलांना ओवळ्याची धास्ती बसली. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. त्यातून मीठ-साखरसुद्धा सुटत नसे. विरघळून गेलं तरी चालेल, पण धुतलं पाहिजे! ही भूक म्हणायची की भीती? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि घरच्यांचे हाल दोन्हीत सारखेच. अशा घरातून आलेल्या मुलीचा नवरा एक दिवस ख्रिस्ती झाला. तिला स्वतःला कसलीही तहान नव्हती. तिला संसार हवा होता. बरीच वर्षं ती वेगळी राहिली, मग जवळ येऊनही आपली चूल वेगळी मांडली. ती बदलली ते साक्षात्काराने नव्हे. देवाने माणसं केली, जाती नव्हेत, एवढं तिने स्वतःच विचार करून ठरवलं आणि शिवाशीव टाकली. ख्रिस्त त्यानंतर आला, १९०० साली. पुढे टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तिनेच पुरं केलं. नवऱ्याची तडफड तिच्यात मला कुठे दिसत नाही; दिसतो तो शहाणपणा, आणि हसू.

आगरकरांना देव नको होता. एम. ए. होताना आईला पत्र लिहून त्यांनी कळवलं, की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ मी लोकांच्या कामी लावणार आहे. दम्याने जर्जर झाले, जिवंतपणी लोकांनी प्रेतयात्रा काढली, तरी ‘सुधारक’ हे पत्र चालू ठेवलं आणि चाळिशीही न गाठता गेले. अशा माणसाला ‘खरा आध्यात्मिक तोच’ म्हणून आपल्या गोटात ओढायची सवय आस्तिकांना आहे. मला ती उचलेगिरी वाटते. माणसाने नाही म्हटलेलं नाहीच धरावं. आगरकरांची आच टिळकांइतकीच प्रखर होती, पण तिचं तोंड दुसरीकडे होतं, आणि त्या दुसरीकडेला देवाचं नाव देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतते. देव आणि आत्मा दोन्ही नाकारून त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना धम्म दिला. नुसत्या भाकरीवर माणसाचं भागत नाही, हे त्यांनी वेळोवेळी सांगितलं होतं. फक्त भाकरीपलीकडे त्यांना दिसत होती ती माणुसकी. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये सुमारे ३० हजार भारतीयांशी बोलून केलेल्या पाहणीत ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं, पण बौद्धांपैकी एक तृतीयांश लोक ‘नाही’ म्हणाले. देशातले तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध महाराष्ट्रात राहतात, म्हणजे हे ‘नाही’ मुख्यतः आपल्याच शेजारपाजारचं आहे. त्या घरांत बुद्धवंदना होते, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला दीक्षाभूमीची वाट धरली जाते. यांना भूक आहे की नाही, याचं उत्तर देवाच्या रकान्यावर खूण करून मिळणार नाही.

शिवाय भूक आधी आणि जेवण नंतर, असा क्रम इथे पाळला जाईलच असं नाही. सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये रंगूनला विपश्यना शिकवणारे ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीवर उतारा मिळावा म्हणून. गुरूंनी आधी परत लावलं: डोकेदुखीसाठी ही साधना नाही. याच गोएंकांनी पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं केलं. उलट मदर तेरेसा. त्यांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा कळलं, की ज्या देवासाठी त्या झिजल्या तो त्यांना कित्येक दशकं जाणवतच नव्हता. भूक तेवढी शाबूत होती, ताट रिकामं.

वारकरी परंपरेने या प्रश्नावर वाद घातला नाही, व्यवस्था लावली. आषाढीच्या वाटेवर कुणाला विचारा, वारीला का येता, माउली? ‘वडिलांपासूनची वारी आहे, चुकवायची कशी,’ हे उत्तर तळमळीच्या गोष्टींपेक्षा जास्त वेळा मिळतं. गळ्यात माळ, एकादशी, वर्षाला वारी: नेम पाळायला आतली आग लागत नाही. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांना भक्तीबरोबर जातवार वेगळ्या पंगतीही दिसल्या, आणि ते त्यांनी लिहून ठेवलं. पण एवढं खरं, की तळमळणारा आणि न तळमळणारा तिथे एकाच टाळावर चालतात.

आणि तळमळणाऱ्याचं पोट कोणीतरी सांभाळतं. १६३० च्या दुष्काळाने तुकोबांचं घर मोडलं, पहिली बायको अन्नावाचून गेली, ते डोंगरावर जाऊन बसू लागले. दुसरी बायको जिजाई, कीर्तनातली आवली, पुण्याच्या सावकाराची लेक. ती त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढे, पायात काटा मोडला की विठोबाला शिव्या घाले, असं कीर्तनकार सांगतात आणि मंडप हसतो. तिला विठ्ठलाची भूक नव्हती. पोरं होती, देणेकरी दारात होते, आणि वर बसलेला माणूस जेवला की नाही याची काळजी होती. तुकोबा गेले तेव्हा तिला दिवस गेले होते. त्या वेळी पोटात असलेला मुलगा नारायण. त्यानेच पुढे, १६८५ मध्ये, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीला न्यायची रीत घातली.