संकलकाची कात्री आणि धवल्याचा पाठ : विद्यापीठीय माध्यमनिर्मिती केंद्रातील कर्मचारी आणि ग्रामीण ठाण्याची मौखिक परंपरा

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा निर्देश 'लेखक' म्हणून येतो. तेथे लेखक म्हणजे ग्रंथकर्ता नव्हे. सांगितलेले उतरवून घेणारा. मराठी परंपरेने या उतरवून घेणाऱ्याचे नाव सातशेहून अधिक वर्षे जपले आहे. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे जे पाठभेद होते तेही बहुतांशी अशाच लेखकांच्या हातून शिरलेले होते. उतरवून घेणारा हा पाठाचा भागीदार असतो, ही गोष्ट त्यामुळे मराठीच्या अभ्यासकाला नवी नाही. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम ध्वनिफितीकडे आणि चित्रफितीकडे गेले, आणि जुन्या लिपिकाराच्या जागी ध्वनिमुद्रक, छायाचित्रक, संकलक अशी माणसे आली. त्यांच्या कामाची चिकित्सा मात्र पाठचिकित्सेत आलीच नाही. लोकसाहित्यावरील प्रबंधांत गाणारणीचे नाव येते, गावाचे नाव येते. ध्वनिमुद्रण कोणी केले, ध्वनिग्राहक कोठे ठेवला, किती भाग कापला, याची नोंद सहसा आढळत नाही.

विद्यापीठीय माध्यमकेंद्रांचा इतिहास फार जुना नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा उपक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून सुरू झाला. त्यासाठी कार्यक्रम तयार करणारी जी पहिली काही केंद्रे उभी राहिली, त्यांत पुणे विद्यापीठाचे शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्र होते. १९९३ मध्ये या केंद्रांच्या समन्वयासाठी शैक्षणिक संप्रेषण संकुलाची स्थापना झाली. प्रक्षेपण देशव्यापी असल्याने कार्यक्रमांची भाषा मुख्यतः इंग्रजी राहिली. महाराष्ट्राच्या भूमीवर मराठी माणसांनी चालविलेल्या केंद्रात मराठीला पाहुणीसारखे वागावे लागले, हा योग विचार करण्याजोगा आहे. याउलट नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाला (स्थापना १९८९) आरंभापासून मराठी विद्यार्थ्यासाठी दृक्-श्राव्य सामग्री तयार करावी लागली.

अशा केंद्रात काम करणाऱ्यांची पदनामे पाहिली तरी मराठीचा अभ्यासक थबकावा. पटकथेला तेथे 'संहिता' म्हणतात, पडद्याआडून बोलणाऱ्याला 'निवेदक', आणि चित्रफीत कापून जोडणाऱ्याला 'संकलक'. हा शेवटचा शब्द विशेष लक्षणीय आहे. लोकगीतांचा संग्रह करणारालाही मराठीत संकलकच म्हणतात. एकाचे कर्तृत्व किती मिळविले यावर मोजले जाते. दुसऱ्याचे किती टाकले यावर. लोकगीत चित्रफितीवर येते तेव्हा या दोन्ही संकलकांची गाठ पडते, आणि सामान्यतः दुसऱ्याचा शब्द अखेरचा ठरतो.

हा व्यवहार प्रत्यक्षात कसा घडतो हे पाहण्यास ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सोयीचे आहेत. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही ते ठाण्यातच राहिले. मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. नाणेघाट आणि माळशेज या जुन्या घाटवाटा मुरबाडच्या अंगाला. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकर, वारली, कातकरी अशी वस्ती. ग्रीअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) या पट्ट्यातील बोलींचे नमुने छापले. परंतु ते कागदावरचे नमुने. आवाज त्यांत नव्हता.

येथील लग्नगीतांपैकी धवल्याचे उदाहरण घेऊ. आगरी समाजात लग्नविधींच्या जोडीने धवला गाणारी ती धवलारीण. वारल्यांमध्ये धवलेरी स्वतःच लग्न लावते. गाणे विधीशी बांधलेले असते आणि विधी आपल्या गतीने चालतो. मुख्य गाणारीण ओळ उचलते, सोबतच्या बाया ती झेलतात, मध्येच कोणी हळदीचे ताट मागते, पुन्हा ओळ सुरू होते. हे गाणे टिपायला केंद्राचे पथक येते ते आपल्या घड्याळासह. क्षेत्रावर नेण्याच्या यू-मॅटिक यंत्रात वीस मिनिटांची फीत बसे. सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटी चित्रपटरिळाची धाव तर जेमतेम अकरा मिनिटांची. फीत बदलेपर्यंत विधी थांबत नाही. तेव्हा छायाचित्रक कोणत्या क्षणी यंत्र सुरू करतो आणि कोणत्या क्षणी बंद करतो, यावरच गाण्याचा 'आरंभ' आणि 'शेवट' ठरत असे. पुढे छापील संग्रहात जे कडवे शेवटचे म्हणून येते ते कित्येकदा फितीचे शेवटचे कडवे असू शकते, ही शंका संशोधकाने मनात बाळगलेली बरी.

ध्वनिमुद्रकाची जबाबदारी याहून सूक्ष्म आहे. ध्वनिग्राहक मुख्य गाणारणीच्या पुढ्यात ठेवला की तिचे शब्द स्वच्छ येतात आणि झेलणाऱ्या बाया दूर, अस्पष्ट होतात. ऐकणाऱ्याला वाटते, एकीचे गाणे आहे आणि मागे साथ आहे. वस्तुतः झेलणे हीच या गाण्याची रचना असेल, तर ध्वनिग्राहकाच्या जागेने समूहगीताचे एकल गीत केले असे म्हणावे लागते. यंत्रातील आपोआप पातळी राखणारी योजना चालू असेल तर आणखी एक घोटाळा होतो. मोठा आवाज दाबला जातो, लहान आवाज उचलला जातो, आणि विरामात अंगणातला गोंगाट वर चढतो. चढउतारांनी जे सांगितले जात होते ते सपाट होते. अनुभवी ध्वनिमुद्रक ही योजना बंद ठेवतो आणि पातळी हाताने सांभाळतो. त्या हाताला गाण्याची समज असावी लागते. पुढची ओळ चढणार हे त्याला आधी कळले पाहिजे. हे कौशल्य कोणत्याही साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाही, आणि तंत्रविद्येच्याही नाही.

निर्मात्याचे काम दिवस ठरविण्यापासून सुरू होते, आणि तेथेच बहुधा चूक होते. विद्यापीठाचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून चित्रीकरणे जानेवारी-फेब्रुवारीत उरकण्याकडे कल असतो. कातकरी कुटुंबे मात्र दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळात वाडीवर गेलेल्या पथकाला म्हातारी माणसे आणि बंद दारे भेटतात. मग मिळेल त्याला गायला बसविले जाते आणि लग्न नसताना लग्नाचे गाणे म्हणविले जाते. अनेक बायांना ते अप्रशस्त वाटते; त्या आखडतात, दोन कडव्यांत आटोपतात. एवढ्यावरून 'परंपरा क्षीण होत चालली आहे' असा निष्कर्ष काढणे सोपे असते.

संकलनकक्षात आल्यावर पुनरावृत्तीला कात्री लागते. वीस मिनिटांच्या कार्यक्रमात एकच ओळ सहा वेळा कशी ठेवणार? संकलकाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या हाताखालून गेलेला कार्यक्रम पाहण्याजोगाही होतो. अडचण येते ती त्या कार्यक्रमालाच पुढे 'मूळ साधन' मानल्याने. न कापलेली फीत जपून ठेवली असेल तर दोन्ही गोष्टी साधतात. प्रत्यक्षात फीत महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरण्याची रीत प्रसारणसंस्थांत सर्रास होती. आता स्मृतिपटलावर नोंद होते, वीस मिनिटांची अट राहिलेली नाही. पण जागा मोकळी करण्यासाठी कच्चे चित्रण पुसण्याचा मोह तोच आहे. जुन्या फितींवर कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते आणि त्या वाजविणारी यंत्रे कधीच बाजारातून गेली. या फितींवर गाव, तारीख, गाणाऱ्यांची नावे लिहून त्या क्रमाने लावणारा संग्रहपाल हा केंद्रातील सर्वांत दुर्लक्षित कर्मचारी आहे. फितीच्या वेष्टनावर नुसते 'लोकगीत, मुरबाड' एवढेच लिहिलेले असेल, तर ती फीत असून नसल्यासारखी.

पडद्यावर अक्षरे उमटविणाऱ्याचा एक निर्णय येथे मुद्दाम नोंदविला पाहिजे. उत्तर कोकणातील आगरी बोलीत ळकाराचा ल होतो, णकाराचा न होतो. डोळा तो डोला, पाणी ते पानी. मग शीर्षकात 'धवळा' लिहावे की 'धवला'? 'धवळा' लिहिल्यास महदंबेच्या धवळ्यांशी, म्हणजे तेराव्या शतकातील महानुभाव परंपरेशी, त्याचे नाते डोळ्यांपुढे उभे राहते. पण गाणारणीचा उच्चार पुसला जातो. 'धवला' लिहिल्यास उच्चार राहतो, आणि प्रमाणभाषेच्या वाचकाला ती मुद्रणाची चूक वाटते. हा प्रश्न मराठी विभागाने सोडवायचा आहे. केंद्रात तो एखादा तरुण तंत्रज्ञ प्रसारणाच्या आदल्या संध्याकाळी, कोणाला न विचारता, सोडवून टाकतो. निवेदकाचेही तसेच. बाईने सांगितलेले वाक्य तो आपल्या शुद्ध उच्चारात पुन्हा सांगतो, आणि श्रोत्याच्या कानी तेच अधिकृत ठरते.

१९५० च्या दशकात आकाशवाणीने साहित्यिकांना निर्मितीच्या कामी घेतले, तेव्हा ही दरी काही अंशी बुजली होती. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम पाहत असत. खेड्यातली बोली ध्वनिक्षेपकावरून कशी बोलावी याचा विचार तेथे लेखकाच्या पातळीवर होत असे. विद्यापीठांनी हा धडा घेतलेला दिसत नाही. त्यांच्या वर्गवारीत ध्वनिमुद्रक आणि तंत्रज्ञ शिक्षकेतर ठरतात, आणि एकाच आवारातील मराठी विभाग व माध्यमकेंद्र यांची भेट बहुधा उद्घाटनाच्या चित्रीकरणापुरती होते.

२००६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सामुदायिक नभोवाणीसाठी निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने करावेत आणि स्थानिक भाषा-बोलींना प्राधान्य द्यावे, असे सांगितले. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' उभी राहिली. मुंबई विद्यापीठानेही कालिना परिसरात केंद्र काढले. परंतु अशा केंद्राची शक्ती शंभर वॅटची आणि पल्ला साधारण पाच ते दहा किलोमीटरचा. शहापूर आणि मुरबाड कालिन्यापासून सरळ रेषेत सुमारे साठ किलोमीटरवर आहेत. तेथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचा आवाज मात्र तेथवर जात नाही. धवला टिपून नेता येतो, ज्यांनी गायला त्यांना तो त्या लहरींवर ऐकता येत नाही.

या बाबतीत विद्यापीठाबाहेरच्या एका कामाकडे पाहावे लागते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने १९९० च्या दशकात त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. आणि पुढे 'परी' या संस्थेने हे भांडार लोकांपुढे आणले. तेथे ओवीसोबत गाणारणीचे नाव, गाव, तालुका, वय, व्यवसाय आणि मुद्रणाची तारीख दिलेली असते. लिप्यंतर व भाषांतर करणारांचा उल्लेख असतो. इतका तपशील मिळाला की पाठभेदांचा अभ्यास शक्य होतो.

विद्यापीठातही याला फार खर्च लागणार नाही. ध्वनिमुद्रकाने क्षेत्रावर एक वही ठेवावी: ध्वनिग्राहक किती अंतरावर व कोणाकडे तोंड करून होता, यंत्र केव्हा सुरू व बंद केले, प्रसंग खरा होता की सांगून घडविलेला. संकलकाने काय कापले याचा एक कागद न कापलेल्या प्रतीला जोडावा. शीर्षकातील अक्षरे मराठी विभागाच्या शिक्षकाने पाहिल्याशिवाय पडद्यावर जाऊ नयेत, आणि त्या शिक्षकाने एकदा तरी हळदीच्या रात्री ध्वनिमुद्रकाशेजारी जागरण केलेले असावे. प्रबंधाच्या परिशिष्टात गाणारणीच्या नावाखाली ध्वनिमुद्रकाचे नाव यावे. मुद्रणाची एक प्रत शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांतील ग्रंथालयांत ठेवली, तर त्याच पाड्यांवरून शिकायला येणाऱ्या मुली आपल्या आजीचा आवाज ऐकून कोणता शब्द चुकीचा उतरवला गेला आहे हे सांगू शकतील.