गुलाब खादाड, मोरवेल मिताहारी

दसरा उलटला की शहरातल्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांमध्ये कात्र्या बाहेर निघतात. पावसाळ्यात माजलेल्या गुलाबाची छाटणी करायची, कुंडीतली वरची माती उकरायची, खत घालायचे आणि डिसेंबरातल्या पहिल्या बहराची वाट पाहायची, हा महाराष्ट्रातल्या गुलाबप्रेमींचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. रासायनिक खतांविषयी मनात बसलेली धास्ती आणि घरचा ओला कचरा घरातच जिरवण्याची वाढती आवड यांमुळे या क्रमात सेंद्रिय खतांना मानाचे स्थान मिळाले आहे. मात्र छाटणीनंतर महिन्याभरातच अनेक कुंड्यांमधील झाडे पिवळी पडतात, पानांच्या कडा करपतात, कळ्या धरण्याआधीच गळतात. ‘आपण तर काही रासायनिक घातलेच नव्हते,’ असे म्हणत घरातली मंडळी हळहळतात. चूक नेमकी तिथेच असते. सेंद्रिय म्हणजे निर्धोक आणि म्हणून कितीही घालावे, हा समज अनेक झाडांच्या मुळावर उठतो.

खत कुजते तेव्हाच झाड जेवते

वनस्पतीला शेण, पेंड किंवा केळीची साल थेट खाता येत नाही. तिची मुळे पाण्यात विरघळलेले क्षारच शोषून घेऊ शकतात. सेंद्रिय पदार्थातील नत्र प्रथिनांच्या रूपात बांधलेले असते. मातीतले सूक्ष्मजीव ती प्रथिने फोडून त्यांचे आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, तेव्हा कुठे मुळांपुढे ताट वाढले जाते. या स्वयंपाकाला ओलावा, हवा आणि ऊब या तिन्ही गोष्टी लागतात. माती कोरडीठाक असेल तर सूक्ष्मजीव निष्क्रिय होतात. कुंडीत पाणी साचून राहिले तर हवेअभावी नत्राचा काही भाग वायुरूपाने उडून जातो आणि मातीला कुबट वास येऊ लागतो.

कर्ब आणि नत्र यांचे प्रमाणही यात महत्त्वाचे असते. वाळलेली पाने, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्या यांत कर्ब भरपूर आणि नत्र अल्प. असे न कुजलेले पदार्थ मातीत मिसळले की ते कुजवण्यासाठी लागणारे नत्र सूक्ष्मजीव मातीतूनच ओढून घेतात आणि झाड उपाशी राहते. म्हणूनच कंपोस्टचा ढीग लावताना कर्ब व नत्राचे गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास राखावे लागते, आणि तयार झालेल्या खतात ते २० च्या खाली आलेले असावे लागते. चांगले तयार झालेले खत काळपट, भुसभुशीत असते, त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो आणि त्यातला मूळ पदार्थ ओळखू येत नाही. साल किंवा चहाची पत्ती ओळखू येत असेल, तर ते अद्याप खत झालेले नाही असे खुशाल समजावे.

कोणत्या खतात काय?

सेंद्रिय खतांची ताकद एकसारखी नसते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारणपणे अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि अर्धा टक्का पालाश असते. निंबोळी पेंडीत नत्राचे प्रमाण सुमारे पाच टक्के, तर भुईमुगाच्या पेंडीत सात टक्क्यांच्या घरात जाते. खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये सेंद्रिय खतांचा समावेश झाला. त्यानुसार गांडूळखतात किमान एक टक्का नत्र असणे अपेक्षित आहे.

या आकड्यांचा कुंडीतला अर्थ सोपा आहे. अर्धा किलो शेणखतातून अडीच ग्रॅम नत्र मिळते, आणि तेवढेच नत्र ५० ग्रॅम, म्हणजे मूठभर निंबोळी पेंडीतून मिळते. शेणखताच्या सवयीने कुणी पेंडही दोन ओंजळी घातली, तर झाडाला एकाच वेळी कैक पटींनी मात्रा बसते. पेंड ओल्या मातीत झपाट्याने कुजू लागते, उष्णता आणि अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळे भाजून निघतात. बागेच्या जमिनीत हा आघात पसरून जातो, बारा इंची कुंडीत मात्र मुळांना पळायला जागाच नसते.

ताज्या शेणाचेही तसेच. ते कुजताना तापतेच, शिवाय त्याबरोबर हुमणीच्या अळ्या आणि वाळवी कुंडीत येण्याची भीती असते. हुमणीची पांढरी, वाकडी अळी मुळे कुरतडते. वरून पाणी-खत सगळे वेळच्या वेळी चालू असते आणि झाड दिवसेंदिवस सुकत जाते. म्हणून शेणखत किमान सहा महिने मुरलेले आणि कुंडीत घालण्यापूर्वी हाताने कुस्करून पाहिलेले असावे.

स्वयंपाकघरातले ‘रामबाण’ उपाय

चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, केळीच्या साली आणि चुलीतली राख हे गुलाबासाठीचे चार ‘रामबाण’ उपाय म्हणून सांगितले जातात. त्यांत तथ्य आहे, पण अर्धेच. चहाच्या चोथ्यात नत्र असते, परंतु दूध-साखरेचा चोथा थेट कुंडीत टाकला की मुंग्या, माश्या आणि बुरशी यांचीच चंगळ होते. तो स्वच्छ धुऊन, वाळवून कंपोस्टमध्ये घालावा. केळीच्या सालीत पालाश चांगले असते, पण तीही कुजल्यावरच कामी येते.

राख आणि टरफले यांची गोष्ट वेगळी आहे. दोन्ही पदार्थ मातीचा अल्कधर्मीपणा वाढवणारे आहेत. गुलाबाला किंचित आम्लधर्मी, म्हणजे सामू ६ ते ७ च्या दरम्यानची माती मानवते. कोकणातली जांभ्याची लाल माती मुळातच आम्लधर्मी असल्याने तिथे चिमूटभर राख चालून जाते. पुणे, सोलापूर, मराठवाडा या दख्खनच्या पट्ट्यात मात्र काळी माती बहुधा चुनखडीयुक्त असते आणि तिचा सामू अनेकदा ८ च्या आसपास असतो. अशा मातीत राख घालणे म्हणजे आधीच खारट झालेल्या आमटीत आणखी मीठ टाकणे. सामू वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. मग नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. ही खूण दिसली की बरेच जण आणखी खत घालतात आणि दुखणे वाढवून ठेवतात.

हाडांच्या चुऱ्याबाबतही हाच विवेक हवा. त्यात सुमारे २० टक्के स्फुरद असते आणि परदेशी बागकामाच्या पुस्तकांनी गुलाबासाठी त्याची महती गायिली आहे. पण हे स्फुरद विरघळते ते आम्लधर्मी मातीत. चुनखडीच्या मातीत ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. रत्नागिरीच्या अंगणात जो हाडांचा चुरा उपयोगी पडेल, तोच सोलापूरच्या कुंडीत पैसे वाया घालवणारा ठरेल.

आपली माती कोणत्या जातीची, हे घरच्या घरी ताडता येते. चमचाभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे फसफसून आले तर मातीत चुनखडी आहे असे समजावे. अशा वेळी राख, टरफले आणि हाडांचा चुरा तिन्ही बाजूला ठेवून पालापाचोळ्याचे खत आणि निंबोळी पेंड यांवर भर द्यावा. नेमका सामू हवा असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळेचा मार्ग आहेच.

वर्षभराचा आहार

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बारा इंची कुंडीतील वरची दोन इंच माती अलगद काढावी. तिच्या जागी दोन ओंजळी मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरावी. जिथे डोळा भरलेला असतो त्या गाठीपासून खत चार बोटे दूर राहावे, कारण ओले खत खोडाला चिकटून राहिले की तिथे कूज धरते. खत देण्याआधी आणि दिल्यानंतर पाणी द्यावे. कोरड्या मातीत खत कधीही घालू नये.

छाटणीपासून पहिली फुले येईपर्यंत साधारण सहा ते सात आठवडे लागतात. नवे धुमारे बोटभर झाले की पातळ खताला सुरुवात करता येते. १०० ग्रॅम भुईमुगाची पेंड एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवावी आणि गाळून त्यात दहापट पाणी घालावे. हे पाणी दर पंधरवड्याला प्रत्येक कुंडीला तांब्याभर पुरे. वासाचा त्रास शेजाऱ्यांना होऊ नये म्हणून भांडे झाकलेले असावे. नत्राचा अतिरेक झाला की पाने गर्द हिरवी आणि मोठी होतात, फुले कमी येतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा तुटून पडतो. झाडाने अशी खूण दाखवली की महिनाभर हात आखडता घ्यावा.

अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी लोकप्रिय केलेले जिवामृतही आता गच्चीवर पोहोचले आहे. शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि मूठभर माती यांचे हे आंबवलेले मिश्रण दहापट पाण्यातून देतात. मात्र त्यात प्रत्यक्ष अन्नद्रव्ये फार थोडी असतात. सूक्ष्मजीवांना चालना मिळावी, हा त्यामागचा विचार. कुंडीत कुजण्याजोगा सेंद्रिय पदार्थच नसेल, तर नुसत्या जिवामृतावर गुलाबाचे पोट भरत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत तीव्र खते बंद ठेवून मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन करावे. हे आच्छादन मातीत मिसळायचे नसल्याने ते नत्र पळवत नाही, उलट ओलावा टिकवते. मुसळधार पावसातही खत देणे व्यर्थ, कारण ते कुंडीच्या भोकातून गटारात जाते.

सह्याद्रीची मोरवेल

युरोपात गुलाबाच्या जोडीला क्लेमॅटिसचा वेल चढवण्याची जुनी रीत आहे. तिकडची मोठ्या जांभळ्या फुलांची संकरित क्लेमॅटिस थंड हवेची, त्यामुळे मुंबईच्या दमट उकाड्यात ती सहसा रमत नाही. पण तिचीच भावंडे आपल्या सह्याद्रीत रानोमाळ वाढतात. मोरवेल किंवा रानजाई या नावांनी ओळखले जाणारे हे वेल पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर पांढऱ्या फुलांनी झाकून जातात. फुलांमागून येणारी पिसांसारखी बी हीदेखील त्यांची शोभाच. हौशी बागप्रेमी आता त्यांची रोपे कुंपणावर चढवू लागले आहेत. रोप रानातून उपटून न आणता बियांपासून किंवा रोपवाटिकेतून मिळवावे, हे सांगायला नकोच.

मोरवेलीचा आहार गुलाबाच्या नेमका उलट आहे. रानात तिची मुळे पालापाचोळ्याच्या सावलीत, थंड आणि ओलसर जागी असतात, तर शेंडे उन्हाकडे धावतात. म्हणून तिला पेंडीचा मारा नको. पावसाळ्याच्या सुरुवातीला पालापाचोळ्याचे दोन ओंजळी खत आणि फुले सरल्यावर तेवढेच आणखी, एवढे तिला पुष्कळ होते. जास्त नत्र मिळाले तर ती पानेच पाने काढते. या कुळातील वेलींचा रस त्वचेला झोंबतो, तेव्हा छाटणी करताना हातमोजे घालावेत. गुलाब आणि मोरवेल शेजारी लावायची असेल, तर दोघांना स्वतंत्र कुंड्या द्याव्यात. एकाच ताटात दोघांची भूक भागत नाही.

घरातल्या इतरांचाही विचार

एरंडीची पेंड स्वस्त आणि नत्राने समृद्ध असते, पण तिच्यात रिसिन हे जहाल विष असू शकते. खताच्या वासाने कुत्रे माती उकरतात आणि पेंड खाऊन दगावू शकतात. घरात पाळीव प्राणी किंवा रांगते मूल असेल तर ही पेंड आणूच नये. हाडांचा चुरा वाफेवर प्रक्रिया केलेलाच घ्यावा आणि हाताळताना नाकावर रुमाल बांधावा.

शहरी शेतीचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने थोड्या जागेत, आजूबाजूच्या पालापाचोळ्यातून सकस माती घडवण्याचा आग्रह धरला होता. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले, तेव्हा त्या विचाराला शहरात नवे बळ मिळाले. गच्चीवरच्या दहा कुंड्या शहराचा कचरा संपवणार नाहीत. परंतु बादलीतली साल चार महिन्यांनी खत होऊन गुलाबात उतरते, हे ज्या घराने पाहिले आहे, त्या घराला कचरा वेगळा करण्याची सक्ती वाटत नाही.

छाटणी झालेल्या कुंडीपुढे उभे राहून ‘आज काय घालू?’ असे विचारण्यापूर्वी माती ओली आहे का, ती फसफसते का आणि मागचे खत मुरले का, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळाली तर अनेकदा त्या दिवशी काहीच न घालणे हेच झाडाच्या हिताचे ठरते.